राहून गेलेली मात्रा

३ जून

आदरणीय ताई यांना सादर नमस्कार.

आपण मला ओळखत नाही, म्हणून आधी माझी ओळख सांगतो. ज्या छापखान्यात आपल्या धाकट्या भावाचे कवितांचे पुस्तक छापले गेले, तिथे मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे प्रुफे तपासतो. शिक्षण नववीपर्यंत. ऱ्हस्वदीर्घ मात्र सहसा चुकत नाही. इथे मला सगळे 'अनुस्वार' म्हणतात. एक तर मी बारीक, आणि दुसरे म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावर बसतो.

काम असे आहे. पुस्तकाच्या प्रती केव्हाच संपल्या. कवी जाऊन यंदा दहा वर्षे होतील, म्हणून मालक दुसरी आवृत्ती काढत आहेत. वारस म्हणून आपली परवानगी हवी. शिवाय कविता संपल्यावर शेवटच्या फर्म्यात, म्हणजे एकत्र छापायच्या सोळा पानांत, आठ पाने कोरी राहतात, आणि मालकांना कोरा कागद बघवत नाही. ते म्हणाले, "ओळखीच्या लोकांच्या आठवणी घाल. पण एकेक पोस्टकार्डाएवढी. आठवण लांबली की माणूस स्वतःचंच सांगत बसतो."

आठवणी गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. मी कवींना पाहिलेले नाही. पण प्रुफे तपासणारा माणूस कविता अक्षर अक्षर वाचतो, आणि ज्यातून एकही शब्द काढता येणार नाही असे मी वाचलेले हे एकच पुस्तक. 'मी भिंतीला नाव विचारले, ती लाजली' ही ओळ तपासताना स्वल्पविराम बरोबर आहे की नाही, हे बघायचेच मी विसरलो. माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

नमुना म्हणून, त्यांचे कपडे शिवणाऱ्या शिंप्यांनी सांगितलेली आठवण पाठवतो:

"कोटाला आतून दोन खिसे दे म्हणाला. एक कवितेला, एक बाटलीला. दिले. मग उसवायला आला, म्हणे बाटलीचा बंद कर. केला. वर्षाने परत आला, म्हणे उघड. असं तीनदा झालं. तीनदा उसवूनही कुठे फाटला नाही. कापड चांगलं होतं."

आपली आठवण सर्वांत आधी छापावी, अशी इच्छा आहे.

आपला नम्र,
अनुस्वार

ता. क. 'सर्वांत'वरचा अनुस्वार चुकून पडलेला नाही, मुद्दाम दिला आहे.

११ जून

नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. 'केले, गेले, झाले' वाचून शाळा तपासायला कोणी आल्यासारखं वाटलं. मी बोलते तसं लिहिते, चालवून घ्या.

पुस्तक जरूर काढा. माझी एकच अट आहे. तिसऱ्या पानावरची अर्पणपत्रिका काढून टाका. ते पान कोरं राहिलं तरी चालेल. मालकांना सांगा, एक कोरं पान बघायची सवय करा.

ती ओळ छापली तर परवानगी नाही. नाही म्हणजे नाही.

आठवण मी लिहिणार नाही. शिंप्याची चांगली आहे. कापड मीच दिलं होतं.

ताई

१६ जून

आदरणीय ताई,

आपले पत्र मी मालकांना दाखवले. ते म्हणाले, "बाई काढा म्हणतात तर काढ की. अर्पणपत्रिका वाचतो कोण?" मी म्हटले, मी वाचतो. ते म्हणाले, "तू तर पुट्ठ्यावरची किंमतसुद्धा तपासतोस."

माझे काही चुकत असेल तर क्षमा करावी, पण कवींनी स्वतः लिहिलेली ओळ आपण कशी काढायची? 'दार लावून ठेवणाऱ्या ताईस.' मला तर ती पुस्तकातली सर्वांत मायेची ओळ वाटत आली आहे. भाऊ आत लिहीत बसला आहे, वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून बहीण हळूच दार लावून घेते, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येते. मला मोठी बहीण नाही. असती तर तिने असेच केले असते, असे वाटायचे.

आपण एकदा विचार करावा. तोवर आणखी दोन आठवणी पाठवतो. ज्या शाळेत ते काही महिने शिकवत होते, तिथले मुख्याध्यापक लिहितात:

"नोकरी गेली त्या दिवशी शेवटच्या तासाला त्याने डोळे मिटून हजेरी घेतली. मुलांनी फक्त 'हजर' म्हणायचे, तो आवाजावरून नाव सांगायचा. एकही चुकला नाही. मी दाराबाहेर उभा होतो. मीही 'हजर' म्हणालो. त्याने माझेही नाव सांगितले आणि वर्ग हसला."

त्यांच्या शेवटच्या खोलीची घरमालकीण म्हणते:

"दिवसभर येरझाऱ्या घालायचा. मधली फरशी झिजून खोलगट झालीय. नवे भाडेकरू म्हणतात, बदला. मी म्हणते, खोली बदला."

या बाईंकडे पहिल्या आवृत्तीची प्रत आहे. कवींची सही असेल या आशेने मी ती उघडली, पण तिच्या नेमक्या अर्पणपत्रिकेवर शाईची एक तिरकी रेघ निघाली. पेन घसरले असावे. शिंप्यांच्याही प्रतीवर तशीच रेघ आहे. ते म्हणाले, "कविराज मुद्दाम येऊन मारून गेला. मी म्हटलं, त्यापेक्षा सही करा की. तर म्हणे, हीच सही." कवी जिथे जिथे पुस्तक दिसेल तिथे असे करत, म्हणतात. हे आठवणींत घेऊ नये, असे मला वाटते. लोक उगाच भलता अर्थ काढतात.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
अनुस्वार

२७ जून

नमस्कार.

तुम्ही भोळे आहात. रागावू नका, भोळ्या माणसाला भोळा म्हटलं तर राग येऊ नये.

तुम्ही काढलेलं चित्र फार छान आहे. तसं घडलं असतं तर किती बरं झालं असतं. तुम्ही परत विचारणार हे दिसतंय, म्हणून एकदाच लिहिते आणि विषय संपवते.

तो पहिल्यांदा इस्पितळातून सुटला, तेव्हा स्टेशनवरून सरळ माझ्या घरी आला. दुपारची वेळ. ह्यांच्या कचेरीतले वरिष्ठ जेवायला आले होते. मी आत वाढण्याच्या गडबडीत. दार वाजलं. मला वाटलं, कोणीतरी उघडेल. परत वाजलं. मग हाक आली, "ताई". मी हातातलं भांडं ठेवून बाहेर येईपर्यंत कडी घातलेली होती, आणि सगळे जेवत होते. मी कडी काढली तेव्हा तो कोपऱ्यावर पोचला होता. मागे वळला नाही. शिंप्याने शिवलेला तोच कोट होता अंगात.

कडी मी घातली नव्हती. कोणी घातली ते लिहीत नाही. ज्यांनी घातली ते आता अंथरुणाला खिळून आहेत, आणि मी त्यांच्या उशाशी बसून हे लिहितेय. तेव्हा काय ते समजा.

पुढच्या वर्षी पुस्तक टपालाने आलं. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. उघडलं तर तिसऱ्या पानावर ते वाक्य. दार लावून ठेवणाऱ्या ताईस. सगळ्या जगासमोर त्याने मला विचारलं, आणि मला उत्तर देता येईना. मी नव्हते लावलं, म्हणायचं तर कोणी लावलं ते सांगावं लागतं. मी गप्प बसले. तो गेला तोवर गप्पच होते.

तो मनात ते घेऊन गेला. आता ते पुन्हा छापून माझ्या हातात देऊ नका. एवढंच मागणं आहे.

त्याच्या कविता मला सगळ्या पाठ आहेत. मुख्याध्यापकांची आठवण दोनदा वाचली. तो लहानपणी असाच पावलांवरून माणसं ओळखायचा.

ताई

२ जुलै

आदरणीय ताई,

आपले पत्र वाचले. मी ते चित्र काढायला नको होते. अर्पणपत्रिका काढतो. तिसरे पान कोरे राहील. मी मालकांना कारण सांगितले नाही, नुसते "बाई ठाम आहेत" म्हणालो.

आठवण पुन्हा मागणार नाही.

एक आठवण मात्र कालच आली आहे. इस्पितळात त्यांच्या वॉर्डात जे सेवक होते, ते आता निवृत्त झाले आहेत. त्यांनी सांगितली आणि मी लिहून घेतली. तीत आपला उल्लेख आहे, म्हणून पाठवावी की नाही ते कळत नव्हते. पाकिटात घातली, काढली, पुन्हा घातली.

"पुस्तकाची पहिली प्रत आली तेव्हा ते दुसऱ्यांदा आमच्याकडे होते. उघडून पाहिलं आणि हसत सुटले, मग रडले. डॉक्टरांना म्हणाले, माझी एक मात्रा राहिलीय. डॉक्टरांनी एक मात्रा वाढवली. दोन दिवस झोपले. उठून मला म्हणाले, लागू पडली नाही हो, चुकीच्या माणसाला दिलीत. मी म्हटलं, ताईंना पत्र टाकू का? म्हणाले, नको, ती ओळखेल. इतका गोड माणूस आमच्या वॉर्डात पुन्हा आला नाही."

औषध वेळेवर मिळत नसावे, असा मी अर्थ घेतला. छापताना 'मात्रा'ऐवजी 'डोस' करावे का? हल्ली मात्रा कोणी म्हणत नाही.

आपला नम्र,
अनुस्वार

८ जुलै

नमस्कार.

डोस करू नका. मात्राच असू दे. तो आमच्या घरातला शब्द आहे. लहानपणी त्याला औषधाची मात्रा मधातून मीच चाटवायची, आणि तो तोंडात धरून बाहेर जाऊन थुंकायचा.

मात्रेशी त्याचं आधीपासूनच वाकडं. औषधाची घ्यायचा नाही आणि अक्षराची द्यायचा नाही. त्याचं शुद्धलेखन माझ्याकडे होतं. 'मोर' लिही म्हटलं की 'मार' लिहायचा, आणि मग शाळेत तोच खायचा. मी म्हणायची, अरे, डोक्यावर एक काठी दे की. तर म्हणायचा, "ताई, तुला कळलं ना मोर आहे ते? मग झालं."

काय ओळखणार होते मी? त्याला औषध मिळत नाही हे? इतक्या लांबून?

हे सेवक भले गृहस्थ दिसतात. त्यांना माझा नमस्कार सांगा.

ताई

१२ जुलै

ताई,

मायना नीट लिहिला नाही, क्षमा करावी.

आपले पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचले. 'मोर'चा 'मार' इथपर्यंत आलो आणि डबा तसाच ठेवून उठलो. ज्या जुळाऱ्यांनी पहिल्या आवृत्तीचे अक्षरांचे खिळे जुळवले होते, ते छापखान्याच्या मागच्या गल्लीत राहतात. आम्ही त्यांना आजोबा म्हणतो. मी गेलो तेव्हा ते खाटेवर बसून नखे कापत होते. आमचे बोलणे झाले तसेच्या तसे लिहितो.

"आजोबा, कवींच्या पुस्तकाची अर्पणपत्रिका तुम्ही जुळवली होती?"

"मग काय तुझ्या बापाने?"

"त्यांच्या हस्ताक्षरात 'दार लावून' असंच होतं?"

"कुठलं! 'लाटून' लिहिलं होतं. 'दार लाटून ठेवणाऱ्या ताईस'. म्हटलं, दार म्हणजे काय कणीक आहे लाटायला? कवी माणूस, घेत होता, लिहून गेला असेल. मीच 'लावून' केलं. तुझ्यासारखा प्रत्येक ठिकाणी कपाळाला हात लावून बसलो असतो तर पुस्तक निघालं नसतं."

"त्यांना प्रूफ दाखवलं नाही?"

"तो होता कुठे? तिकडे भिंतीआड होता. तिथे कोण प्रूफ घेऊन जातंय?"

"आजोबा, 'लाटून'मधल्या 'ला'च्या डोक्यावर एक मात्रा द्या."

त्यांनी हवेत बोट फिरवले. मग बोट तिथेच राहिले.

"लोटून," ते म्हणाले.

उठून आत गेले आणि चष्मा लावून आले, जणू ते पान आता समोर दिसणार होते. मग म्हणाले, "ह्याचं काही करता येईल का रे?"

ताई, 'दार लोटून ठेवणाऱ्या ताईस.'

दार लावणे आणि दार लोटणे यांतला फरक मी आपल्याला काय सांगणार? लावले की आतून कडी पडते. लोटले की ते नुसते मिटलेले दिसते, आणि बाहेरच्याने हात टेकवला तरी उघडते. घरातल्यांना वाटते दार बंद आहे, आणि ज्याला यायचे आहे तो येतो.

राहिलेली मात्रा औषधाची नव्हती. ती द्यायला ते सगळीकडे गेले. मी शिंप्यांची आणि घरमालकीणबाईंची प्रत शेजारी शेजारी ठेवून पाहिली. रेघ दोन्हींत एकाच जागी आहे, 'ला'च्या डोक्यावर. ते पेन घसरलेले नव्हते. छापलेल्या 'लावून'वर ती दिली की 'लोवून' होते, आणि तसा शब्दच नाही. वाचणारा अडेल, आणि अडला की विचार करील, असे त्यांना वाटले असावे. मीही अडलो नाही. मी डाग समजलो.

'ती ओळखेल' याचा अर्थ आता मला असा लागतो की, त्यांचे शुद्धलेखन आपण तपासत होता.

त्या दुपारच्या आधी आपण कधी दार लोटून ठेवले होते का, हे मला माहीत नाही. विचारण्याचा मला अधिकारही नाही. पण त्यांनी तसे लिहिले आहे, एवढे मी शपथेवर सांगतो, आणि मी खात्री केल्याशिवाय काही लिहीत नाही.

तिसऱ्या पानाचा फर्मा यंत्रावर चढायचा होता. मी मालकांना थांबायला सांगितले. ते म्हणाले, "अनुस्वारा, एका रेघेसाठी यंत्र थांबवू?" मी हो म्हणालो. त्यांनी यंत्र थांबवले.

आपण सांगाल तसे होईल. कोरे म्हणाल तर कोरे.

अनुस्वार

२० जुलै

चि. अनुस्वारास अनेक आशीर्वाद.

आता तुला अहोजाहो करणार नाही.

तुझं पत्र येऊन तीन दिवस झाले. पहिला दिवस मी नुसती घरात फिरत होते. इथली एखादी फरशी झिजली असती.

होय. ठेवत होते. आमच्या वडिलांचा नियम होता, दिवे लागले की कडी. धाकटा तेव्हा कुठे नदीवर, कुठे वाचनालयात, कुठे नुसताच पुलावर बसलेला असायचा. उशीर झाला की बाहेर उभं राहायचं, ही शिक्षा. वडील कडी घालून हातपाय धुवायला मागे गेले की मी कडी काढायची आणि दार लोटून ठेवायची. तो यायचा, आत शिरायचा, पाटावर येऊन बसायचा. वडिलांना वाटायचं आधीच आला होता. कितीतरी वर्षं असं चाललं. मी त्याला कधी सांगितलं नाही, त्याने कधी विचारलं नाही. माझी समजूत अशी की, वडीलच कडी घालायला विसरतात असं त्याला वाटत असणार.

त्याला माहीत होतं रे.

त्याला सगळं माहीत होतं. त्या दुपारी दार बंद मिळालं, तरी कडी घालणारी मी नव्हे, हेही त्याला तिथेच कळलं असणार. मला हे आज कळतंय. त्याला वाटलं, ताई ओळखेल. मोर आहे ते तिला कळेल. पण मी त्याची चूक शोधलीच नाही, माझीच शोधत बसले.

काल दुपारी तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. सगळं, माझी वाक्यंसुद्धा. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. ऐकलं की नाही कळेना. मी काही विचारलं नाही. संध्याकाळी औषध आणायला निघाले. मी निघाले की ह्यांचं रोजचं ठरलेलं असतं, "बाहेरून कुलूप लाव, दोनदा ओढून बघ." काल म्हणाले, "लोटून जा."

मी म्हटलं, "का हो?"

म्हणाले, "कोणी आलं तर."

मी लोटून गेले. रस्ताभर मागे वळून बघत होते.

आल्यावर कपाटातून पुस्तक काढलं. तुझ्या आजोबांना सांग, मी रागावलेले नाही. 'दार लाटून' वाचून मी हसले, आणि एवढ्या वर्षांत ह्या पुस्तकावरून पहिल्यांदा हसले. पेन घेऊन 'ला'च्या डोक्यावर काठी दिली. सगळ्यांच्या प्रतीत त्याने दिली, माझ्या प्रतीत मी दिली. 'व'चा 'ट' करत बसले नाही. त्याने केला नाही, मग मी कशाला?

आता माझी आठवण लिही. आधी नको, शेवटी घाल. पोस्टकार्डाएवढीच आहे:

"आमचं दार उघडताना करकरायचं. तो येण्याच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात भांडी जोरात आपटायची, म्हणजे वडिलांना ऐकू जाऊ नये. आई म्हणायची, ह्या मुलीला कामाची सवयच नाही. तो पाटावर बसून हळूच म्हणायचा, आज फार भांडी पडली. ताई."

तिसरं पान कोरं ठेवू नको. त्याच्या मनात होतं तसं छाप.

ताई

ता. क. मात्रा पुसट येऊ देऊ नको. खिळा झिजलेला असला तर बदलून घे.